पुट मारताना बोलू नये

काही घरांत माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे साठतात, तसे आमच्याकडे गोल्फचे किस्से साठलेत. कुणाच्या मुलाच्या लग्नात आम्ही जुने लोक भेटलो की एकजण सुरू करतो, दुसरा म्हणतो, "तो नको रे, त्याच्या आधीचा सांग," आणि पंगत उठली तरी आमची टाळकी तिथंच. ऐकणारा नवा असला तर पहिल्याच वाक्याला अडवतो. "गोल्फ? कोलशेतला?"

हो बाबा, कोलशेतला! ठाण्याच्या खाडीला लागून. हसून घे एकदा, मग सांगतो.

आमची कंपनी कापडाचे रंग बनवायची. पुढे प्लँट, आणि मागे खाडीपर्यंत मोकळी जमीन. फार पूर्वी तिथं एक इंग्रज मॅनेजर होता. त्याला रविवारी करमायचं नाही म्हणून त्यानं त्या जमिनीत सहा भोकं पाडून घेतली, सहा झेंडे लावले आणि झालं गोल्फ ग्राउंड. खऱ्या गोल्फला अठरा लागतात, पण सहाच्या तीन फेऱ्या मारल्या की अठरा होतातच की! साहेब मायदेशी गेला, काठ्यांच्या चार बॅगा रिक्रिएशन क्लबच्या कपाटात राहिल्या. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास ते कपाट आमच्या हाती लागलं.

आम्ही म्हणजे सुरुवातीला तिघं. मी गुप्ते, परचेसमध्ये. लॅबचे कांबळे, हळू आवाजात बोलणारा आणि बोलला की समोरच्याला गार करणारा माणूस. आम्ही दोघं कल्याणचे, रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवरून कशेळीचा पूल ओलांडून यायचो. आणि तिसरे सामंतसाहेब, कंपनीचे सेफ्टी ऑफिसर, राहायला नौपाड्यात. गोल्फच्या नियमांचं छोटं इंग्रजी पुस्तक त्यांनी तोंडपाठ केलेलं. आम्हा दोघांना चेंडू मारायला शिकवायच्या आधी त्यांनी कसं उभं राहायचं ते शिकवलं. म्हणजे, दुसरा मारत असताना कसं उभं राहायचं ते.

"गुप्ते, खेळ कोणीही शिकतो. वागणं शिकावं लागतं," असं त्यांचं म्हणणं.

वागण्यातला पहिला नियम म्हणजे पुट मारताना बोलू नये. पुट म्हणजे भोकाजवळ आल्यावरचा शेवटचा हलका फटका. तो मारणारा चेंडूकडे बघत असताना बाकीच्यांनी हलायचं नाही, खोकायचं नाही, सावली पाडायची नाही. देवळात उभं राहावं तसं उभं राहायचं.

*

खऱ्या ग्राउंडवर भोकाभोवती मऊ हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. खाडीच्या खाऱ्या हवेत आमच्याकडे कसली उगवतेय हिरवळ! आम्ही बारीक वाळूत वर्कशॉपचं वापरलेलं ऑइल कालवून ती रोलरनं दाबून घ्यायचो. दिसायला चॉकलेटी, पण चेंडू छान पळायचा.

एकदा नवीन प्लँट मॅनेजर हौसेनं बघायला आले. सगळीकडे मान फिरवून म्हणाले, "वेअर इज द ग्रीन?"

कांबळेंनी पायाखालच्या वाळूकडे बोट दाखवलं. "हेच सर. आपल्याच कंपनीचा हिरवा आहे. पहिल्या धुण्यात उतरला."

मॅनेजर हसले नाहीत. सामंतसाहेब हसले, पण तेही मॅनेजर गेल्यावर. ऑफिसरसमोर हसू नये असाही त्यांचा एक नियम असावा.

*

आता वैती. किस्से सगळे त्याचेच आहेत, आम्ही आपले सोबतीला.

बाळकृष्ण वैती आमच्याकडे क्रेन चालवायचा. तिथलाच कोळी. कंपनीसाठी गावाची जमीन गेली तेव्हा त्याच्या आज्याचीही गेली, आणि त्या बदल्यात पुढे घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती ह्याला. आवाज असा की क्रेनच्या केबिनमधून तो "ए, बाजूला हो रं" म्हणाला की बॉयलर हाऊसमधली माणसंसुद्धा बाजूला व्हायची. एका रविवारी तो ग्राउंडमधून गावाकडे चाललेला. सामंतसाहेब पुटला उभे. हा थांबला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "जराशी डावीकरं मारा, सायेब. तिकरं उतार हाय."

साहेबांनी काठी खाली घेतली. "पुट मारताना बोलू नये."

"मी कुठं खेलतोय? मी बगतोय."

"बघतानाही बोलू नये."

"आता गं बाय! सायेब, ही जमीन आमचे आज्याची. इथं आज्या बोलाचा, बा बोलाचा, आनि मीच कला गप बसू?"

कांबळे आणि मी खाली बघायला लागलो. जमीन त्यांचीच होती, त्यात खोटं काहीच नव्हतं. सामंतसाहेबांनी जरा विचार केला. मग आपल्या बॅगेतली एक काठी काढून त्याच्यापुढे धरली.

"बरोबर आहे तुमचं. तुम्हाला गप्प बसवायचा मला अधिकार नाही. खेळा मग. खेळणाऱ्याला नियम लागू होतो."

वैतीनं काठी घेतली. आपण सापळ्यात अडकलो हे त्याला पुढच्याच पुटला कळलं.

*

त्याला गप्प बसवणं म्हणजे काय दिव्य होतं महाराजा! बोलणं बंद केलं तर गुणगुणायचा. गुणगुणणं बंद केलं तर खिशातल्या किल्ल्या वाजवायचा. किल्ल्या काढून घेतल्या तर त्याला नेमका खोकला यायचा. आणि बोलायचा तरी काय? कोलंबीचा भाव, सासऱ्याची होडी, क्रेनचा ब्रेक. पुट मारणाऱ्याच्या डोक्यात कोलंबी शिरली की चेंडू कुठला भोकात जातोय!

शेवटी एके दिवशी त्यानं हात जोडून विचारलं, "सायेब, मनात बोललेला चालतंय का?"

सामंतसाहेबांनी अगदी गंभीरपणे विचार केला. "चालतं."

पुट झाला. चेंडू भोकात गेला. वैती खूश होऊन म्हणाला, "बगा, गप रायलो! पन मनात तुमाला लय शिव्या घातल्या."

"ऐकू आल्या," साहेब म्हणाले, आणि पुढच्या झेंड्याकडे चालायला लागले.

दोनेक वर्षं गेली, पण शिकला हो! शेवटी शेवटी तर असा उभा राहायचा की आम्ही त्याच्याकडेच बघत बसायचो. ओठ घट्ट, गाल फुगलेले, डोळे आमच्याकडे रोखलेले. सामंतसाहेब कँटीनमध्ये ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगायचे, "वैती शिकला." पोरगा बोर्डात आल्यासारखं. वैती तेव्हा शेजारी बसून लाजायचा. चाळिशीचा, मिशीवाला, दांडगा माणूस आणि लाजायचा!

*

सामंतसाहेबांची स्वतःची पुट मारायची पद्धत निराळी. ते आधी चेंडूमागे दोन पायांवर उकिडवे बसायचे, डोळा बारीक करून भोकापर्यंतचा उतार बघायचे. आणि बघतच बसायचे. आमचे पाय भरून यायचे, पण बोलायची सोय नाही.

आता खाडीकाठची सकाळ. एक माणूस गवतात उकिडवा बसलाय. लांबून बघणाऱ्याला काय वाटेल?

वैतीची चुलती, हिरामावशी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघालेली. तिनं आधी तोंड फिरवलं. मग तिला राहवलं नाही. लांबूनच खाडीकडे हात करून ओरडली, "अरं बाबा, खारी काय लांब हाय का? लोकांचे जायाचे वाटंवर कला बसतंस?"

वैतीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. त्याचे खांदे गदागदा हलत होते, पण आवाज नाही. साहेबही हलले नाहीत. बघून झाल्यावर उठले, पुट मारला, चेंडू आत. मग टोपी काढून नम्रपणे म्हणाले, "मावशी, पुट मारताना बोलू नये."

मावशीनं त्यांना नीट न्याहाळलं. पांढरी टोपी, पांढरे बूट, इस्त्रीची पँट. "बरा बाबा, नाय बोलत," ती समजुतीनं म्हणाली. "पन तुजा झाला का?"

*

हा पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण तोही सांगतोच.

ग्राउंडच्या कडेनं गावाच्या स्मशानाकडे जायची वाट होती. एका सकाळी तिकडून प्रेतयात्रा आली. सामंतसाहेबांनी लगेच खेळ थांबवला, टोपी काढली, आम्हीही थांबलो. वैतीनं बघितलं, म्हातारा त्याच्याच आळीतला. काठी तिथंच टाकून तो धावत गेला आणि खांदा द्यायला लागला.

तो बऱ्याच वेळानं परत आला. ओले केस, ओले कपडे. बघतो तर सामंतसाहेब भर उन्हात त्याच्या चेंडूशेजारी उभे! कावळ्यानं चेंडू उचलून नेऊ नये म्हणून. आम्ही दोघं झाडाखाली सावलीत, आणि हे तिथं राखण करत.

"सायेब, जायाचा ना घरी," वैती म्हणाला.

"तुमचा डाव अर्धा होता," साहेब म्हणाले.

त्या दिवशी परत जाताना कांबळेंनी विचारलं, "साहेब, खेळताना आपल्यातलाच कोणी गेला तर? पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तकात नाही. पण वागण्याचा नियम साधा आहे. आपल्याला वेळ लागणार असेल तर बाजूला व्हावं, मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ द्यावं."

वैतीनं मागे वळून बघितलं. गवत, खाडी आणि दोन बगळे. "आपले मागं हाय कोन, सायेब?"

आम्ही सगळेच हसलो. त्या वेळी हसलो.

*

नव्वद साल उलटल्यावरच्या एका हिवाळ्यातला रविवार. चांगली थंडी पडलेली. सामंतसाहेब सकाळपासून जरा सावकाश चालत होते, मी विचारलं तर म्हणाले, "रात्री वांग्याचं भरीत जास्त झालं."

खाडीच्या बाजूच्या चौथ्या झेंड्याला आलो. साहेबांचा चेंडू भोकापासून फार लांब नव्हता. ते नेहमीसारखे चेंडूमागे उकिडवे बसले. आम्ही तिघं नेहमीसारखे तीन बाजूंना थांबलो.

नेमका तेव्हाच खाडीत मोठा बोयटा उडाला. चांदीसारखा चमकला आणि पाण्यात पडला. एरवी वैतीनं आख्खं ग्राउंड डोक्यावर घेतलं असतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनीच मासा दाखवला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. बघा, बोललो नाही! केवढा अभिमान त्या चेहऱ्यावर.

साहेब बघत होते. आम्ही थांबलेलो. साहेब बघतच होते. आम्ही थांबलेलोच.

मग त्यांची टोपी पडली. वारा नव्हता. त्यांनी ती उचलली नाही. आणि हळूहळू ते एका अंगावर कलंडले, बसल्या बसल्या डुलकी लागावी तसे.

वैती पहिला धावला. त्यानं त्यांना मांडीवर घेतलं आणि मग तो जो ओरडायला लागला, "सायेब! ओ सायेब! सामंतसायेब!" ते प्लँटच्या गेटपर्यंत ऐकू गेलं. तिथला वॉचमन पळत आला. कंपनीचा डॉक्टर आला, गाडी आली, ठाण्याला नेलं. पण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माझ्या आयुष्यात मी बरेच मृत्यू पाहिले. हा एकच असा, की तो आमच्या डोळ्यांसमोर आला, आमच्यामध्ये बसला, आणि आम्ही त्याला अदबीनं जागा दिली.

*

कारखान्यात लोक बोलायचे ते बोललेच. "माणूस मरत होता आणि हे तिघं पुतळ्यासारखे उभे होते म्हणे!" कांबळेंनी आणि मी ते गिळलं. आम्हाला वाईट वाटत नव्हतं असं नाही, खूप वाटायचं. पण आम्ही मुळातच कमी बोलणारी माणसं, आमच्या गप्प राहण्यात आमचं काही वेगळं नव्हतं. वैतीचं तसं नव्हतं. त्याला गप्प राहायला शिकवलेलं होतं. ज्यांनी शिकवलं, तेच त्याच्या गप्प राहण्यात गेले, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

क्रेनवरचा त्याचा आवाज बंद झाला. नुसत्या हातानं खुणा. ग्राउंडकडे तर तो फिरकेना, घरी जायलाही लांबच्या रस्त्यानं जायचा. डॉक्टरांनी त्याला बोलावून समजावलं, "वैती, फार मोठा झटका होता. क्षणात गेले. तुम्ही काही करू शकला नसता."

"तुमी हुते का तिथं?" वैतीनं विचारलं, आणि उठून आला.

बाराव्या-तेराव्याचं सगळं उरकल्यावर मी आणि कांबळे त्याला घेऊन नौपाड्यात गेलो. तो येत नव्हता. "वैनींना काय त्वांड दाखवू?" हेच एक पालुपद. कांबळे म्हणाले, "तोंड दाखवू नकोस. नुसता बस."

सामंतवहिनी शाळेत शिकवायच्या. ठाण्यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी पाढे शिकवलेत. त्यांनी चहा आणला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. वैती कपाकडे बघत बसलेला. आणि अचानक सगळं बाहेर पडलं.

"वैनी, मी बोललो असतो. तोंडाशी आलेला. मासा उराला हुता. मी सायबांना सांगनार हुतो आनि नाय सांगितला. प्लँटवर सायबांनीच शिकवलेला, मानूस गप झाला तर पयली हाक मारा. आनि ग्राउंडवर शिकवलेला, गप र्‍हा. मी चुकीचा ऐकला, वैनी. मी नको तिथं ऐकला."

मी कांबळेंकडे बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते. वहिनींनी पदरानं चष्मा पुसला.

"वैती," त्या म्हणाल्या, "संसारात मी ह्यांना किती हाका मारल्या असतील! पेपर वाचताना मारल्या, दाढी करताना मारल्या, जेवण गार होतंय म्हणून मारल्या. पहिल्या हाकेला ह्यांनी कधी ओ दिली नाही. तुम्ही हाक मारली असतीत, तर ह्यांनी काय केलं असतं सांगू? हा असा हात वर केला असता. थांबा म्हणून."

त्यांनी हात वर करून दाखवला. हुबेहूब. कांबळेंना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. मला पण.

वैती मात्र हसला नाही. तो अजून वाट बघत होता. वहिनींना ते कळलं. मास्तरीण बाई त्या, मुलाला गणित पटलं नाही तर चेहऱ्यावरून ओळखायच्या.

"तरी पण मारायची," त्या हळूच म्हणाल्या. "मी मारतच होते ना? माणूस ओ देवो न देवो, आपण मारायची."

वैतीनं मान हलवली. मग गार झालेला चहा एका घोटात प्यायला.

*

त्यानंतरच्या रविवारी तो आला. काठी नाही, काही नाही, नुसताच. मी पुटला वाकलेलो.

"गुप्तेसायेब!"

मी दचकलो. चेंडू गेला खाडीच्या दिशेला. "अरे काय वैती!"

"काय नाय. खेला तुमी."

हे असंच सुरू झालं. कोणी चेंडूमागे वाकला, बसला, जरा जास्त वेळ लागला, की वैतीची हाक यायची. आपण "ओ" म्हणायचं की तो गप्प. पुन्हा वेळ लागला की पुन्हा हाक. पहिल्यांदा मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? एकदा तर मी कांबळेंना म्हटलं, "हा काय खेळू देणार नाही आपल्याला." कांबळे म्हणाले, "मग काय करूया? गप्प करूया त्याला?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

कांबळे स्वतः "ओ" म्हणायचे नाहीत. शाळेतल्या हजेरीसारखं "प्रेझेंट!" म्हणायचे, आणि मग पुट मारायचे. त्यांचे पुट आधीपेक्षा जास्त पडायला लागले, हे मात्र खरं.

पुढं पुढं नवीन पोरं खेळायला आली, त्यांनाही ते लागलं. कोणी कुणाला शिकवलं नाही. आमच्या ग्राउंडवर पुट मारताना हाक येते आणि ओ द्यायची, एवढंच. का, ते फारसं कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगत बसलो नाही.

*

आता शेवटचा.

मुंबईच्या हेड ऑफिसला नवे डायरेक्टर आले. मोठ्या क्लबचे मेंबर, खरेखुरे गोल्फर. त्यांना कळलं की कोलशेतच्या प्लँटला ग्राउंड आहे, म्हणाले, "आय मस्ट प्ले." झालं, प्लँट मॅनेजरांची झोप उडाली. आदल्या दिवशी गवत कापलं, झेंडे धुतले, वाळूवर नवीन ऑइल ओतलं. आम्हाला केबिनमध्ये बोलावून बजावलं, "प्लीज, नो कोलशेत बिझनेस." म्हणजे हाका-बिका बंद. वैतीला तर वेगळं घेऊन सांगितलं. वैती "हो हो" म्हणाला.

डायरेक्टर उंच, गोरे, साठीच्या आसपासचे. स्वभावानं बरे होते. पहिल्या तीन झेंड्यांना त्यांनी उभ्या उभ्याच पुट मारले, झटपट. वैती ओठ घट्ट दाबून उभा. मॅनेजरांच्या जिवात जीव आला.

चौथ्या झेंड्याला चेंडू जरा अवघड जागी थांबला. डायरेक्टर चेंडूमागे गेले आणि दोन पायांवर उकिडवे बसले. डोळा बारीक केला. बघायला लागले.

मी कांबळेंकडे बघितलं. कांबळेंनी वैतीकडे बघितलं.

"सायेब," वैती म्हणाला. अगदी हळू. त्याच्या मानानं हळू.

डायरेक्टरांनी मान वळवली नाही. मॅनेजरांनी डोळे वटारले.

"सायेब!"

उत्तर नाही. खेळणाऱ्या माणसानं अशा वेळी लक्ष द्यायचंच नसतं, त्यांना तसंच शिकवलेलं. ते बघत राहिले.

"ओ सायेब!"

मॅनेजर दातांतल्या दातांत पुटपुटले, "वैती, शट अप!" डायरेक्टर हलले नाहीत. आता त्यांनी मुद्दामच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं असावं. मान खाली, हात गुडघ्यांवर, टोपीवर ऊन.

वैतीनं काठी टाकली आणि तो धावला. चेंडू आणि भोक ह्यांच्या मधून, त्या नव्या ऑइलच्या वाळूवर पावलं उमटवत, ज्याच्याइतका मोठा गुन्हा ह्या खेळात दुसरा नाही. जाऊन त्यानं डायरेक्टरांचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवलं. "सायेब! सायेब!"

"व्हॉट द हेल!" डायरेक्टर किंचाळले. "पागल हो गए हो क्या? कौन है ये आदमी?"

मॅनेजर पांढरेफटक पडलेले. कांबळेंनी टोपी काढून हातात घेतली.

वैती तिथंच डायरेक्टरांच्या शेजारी वाळूत मटकन बसला. धापा टाकत होता. डायरेक्टर बोलत होते, ओरडत होते, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, आणि वैती त्यांच्या तोंडाकडे बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा सैल पडला. त्यानं डायरेक्टरांच्या खांद्याला लागलेली वाळू हातानं झटकली.

"मारा, सायेब," तो म्हणाला. "आता निवांत मारा."